मागचे चार डबे

कसबा पेठ, पुणे
१२ ऑगस्ट २०२३

शकू,

आशीर्वाद गृहीत धर.

सहा वर्षांनी पत्र आलं. त्यात चार ओळी माफीच्या आणि पाच पानं स्टेशनची. तुझ्या मनात कशाला किती जागा आहे ते यावरून समजलं. माफीचं आधी उरकते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तुझा फोटो आला होता, गळ्यात रुमाल, डोक्यावर ती उपड्या वाटीसारखी टोपी, आणि खाली तुझं वाक्य: 'पुण्यात आम्ही जे जपानी शिकलो ते तिकडे आता कुणी बोलत नाही.' कुणाकडे शिकलो ते सांगितलं नाहीस, एवढी कृपा केलीस. पण कसबा पेठेत जपानी शिकवणारी दुसरी बाई नाही, त्यामुळे लोकांना फार डोकं खाजवावं लागलं नाही. पुढच्या महिन्यात निम्मा वर्ग रिकामा झाला. तुला त्याचं वाईट वाटतं असं तू लिहितेस. वाटू दे.

आता तुझं स्टेशन. पाच वर्षं तू माझ्या समोरच्या बाकावर बसलीस. दुभाषी होशील, माझ्यामागे वर्ग चालवशील, असा माझा समज होता. तू टोकियोबाहेरच्या कुठल्याशा उपनगरात, खासगी रेल्वेच्या खिडकीमागे उभी राहून लोकांना कमरेत वाकतेस आणि संडास कुठे आहे ते सांगतेस. मार्केट यार्डात तुझ्या वडिलांच्या गाळ्यावर बसली असतीस तर निदान लोक तुला वाकले असते.

गाडी सुटताना स्टेशनात गाणं वाजतं, आणि प्रत्येक स्टेशनाचं गाणं वेगळं, हे तू मोठ्या कौतुकाने लिहिलंस. आमच्याकडे वरात निघतानाही एवढे लाड होत नाहीत. स्टेशनचा माणूस रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवून मोठ्याने 'ठीक आहे' म्हणतो, म्हणजे त्याचं त्याला कळतं की ठीक आहे. आमच्या आळीत हे कुणी केलं तर नातेवाईक त्याला येरवड्याला नेतील. गाडीला पाच मिनिटं उशीर झाला की स्टेशन तशी चिठ्ठी देतं, साहेबाला दाखवायला. आमच्याकडे अशी चिठ्ठी सुरू केली तरी उपयोग नाही, कारण साहेबही त्याच गाडीत अडकलेला असतो. आणि हरवलेली छत्री तुझ्या खिडकीवर परत मिळते म्हणे. मी छत्री हरवत नाही.

शेवटी तू लिहिलंस, 'बाई, दारावर तिकीट टोचणारा माणूस केव्हाच गेला. आता कार्ड लावायचं, पिप वाजतं.' ही बातमी मला वर्गातल्या मुलांनी दहा वर्षांपूर्वीच दिली आहे. पिप वाजवायला भाषा लागत नाही. मी भाषा शिकवते.

तुझ्याकडे येण्याचं आमंत्रण वाचलं. बघू. उत्तराची घाई करू नकोस, सहा वर्षं मी थांबलेच होते.

सरोजिनी आगाशे


कसबा पेठ
२ ऑक्टोबर २०२३

शकू,

घाई करू नकोस असं लिहिलं म्हणून तू लगेच उत्तर पाठवलंस. वर्गातही तुझं असंच होतं.

तू विचारतेस, 'स्टेशनचा धडा अजून घेता का?' घेते. तुमच्या वेळी घेत होते तसाच. चौथ्या महिन्यात बाक भिंतीला लावायचे, फरशीवर खडूने रूळ काढायचे, एकाने दारात बसून तिकिटं टोचायची, एकाने घोषणा द्यायची, आणि जो चुकीच्या स्टेशनात उतरेल त्याने सगळ्यांना बटाटेवडे आणायचे. तू दोनदा आणले होतेस, हे तुझ्या त्या मुलाखतीत आलं नाही. खाली तांबट ठोकत असतात, वर घोषणा चाललेली असते. एवढ्या आवाजात ज्याला घोषणा कळते त्याला जगातल्या कुठल्याही फलाटावर कळेल, असं मी दरवर्षी सांगते. अजून कुणी तिथून परत येऊन तक्रार केलेली नाही. केली ती एकीनेच, आणि तीही पेपरात.

यंदा वर्गात नऊजण आहेत. त्यात एकच दखल घेण्यासारखी. जिन्याखाली करीमचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, त्याची मुलगी कमरजहां. नर्सिंग शिकली आहे. जूनमध्ये तिला तुमच्याकडे म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला जायचंय, तिथल्या संस्थेने निवडलंय. माझं वाक्य ती पहिल्यांदा ऐकते ते कायमचं ऐकते. अशा विद्यार्थ्यांची मला जरा भीती वाटते.

तू विचारलेलं दुसरं, की इतकी वर्षं शिकवून मी एकदाही तिकडे का गेले नाही. माझ्या वेळी शिष्यवृत्ती एकच होती. ती ज्याला मिळाली तो परत येऊन सहली नेण्याचा धंदा करू लागला. त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावल्याशिवाय मी कुणाच्या घरी चहालासुद्धा जात नाही. देश तर फारच मोठं घर झालं.

काल तुझे वडील आले होते. आप्पासाहेब जिना चढून वर आले आणि दारात कांद्याची गोणी ठेवून दम खात बसले. मी म्हटलं, मी एकटी आहे, एवढे कांदे मी कुणाला घालू? म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. इचारायचं हाय येक." मग गोणीचं तोंड सोडून पुन्हा बांधलं. शेवटी म्हणाले, "पोरगी तिकडं बोलावती मला. म्या गेलो तर काय कळणार वो मला? दगडावानी बसन. तुमी जावा. तुमाला समदं कळंल. पोरगी नक्की काय काम करती, लोक तिला मान देत्यात का, येवढं बघून या."

मी म्हटलं, बघते. त्या माणसाला नाही म्हणणं तुला नाही म्हणण्याइतकं सोपं नसतं.

तेव्हा मी येते आहे. फेब्रुवारीत, थंडी असली तरी. तुझ्यासाठी येते आहे असं समजू नकोस.

सरोजिनी आगाशे


कसबा पेठ
२९ जानेवारी २०२४

शकू,

विमानतळावर मला घ्यायला येऊ नकोस. हे तू तिसऱ्यांदा विचारलंस आणि मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. जिने अर्ध्या पुण्याला जपानी स्टेशनात वाट विचारायला शिकवलं तिला बोटाला धरून नेशील, आणि त्याचाही फोटो छापशील. मी माझी येईन. तू तुझ्या खिडकीमागे उभी राहा, मी दारातून आत येईन.

वाट नीट लिहिलीस, त्याबद्दल आभार. एक गाडी बदलायची, दुसऱ्या गाडीत बसताना पुढच्या डब्यांत बसायचं, कारण मागचे चार डबे मध्येच एका स्टेशनात सुटे होतात आणि दुसऱ्या फाट्याने जातात. अर्धी गाडी इकडे, अर्धी तिकडे. भावांत वाटणी झालेल्या वाड्यासारखंच झालं हे. तू त्याखाली लाल रेघ मारलीस. लाल शाई माझ्याकडे असते, शकू, तुझ्याकडे नाही.

मी मागच्याच डब्यात बसणार आहे. लोणावळ्याच्या लोकललाही मी मागेच बसते, गर्दी कमी असते. डबे सुटायच्या आधी गाडीत घोषणा होते, असं तूच लिहिलंयस. ती मला कळेल. कळली की उठेन आणि पुढे जाऊन बसेन. घोषणा कळण्यासाठीच असते.

वर्गातल्या मुलांनी मला निरोप द्यायला पेढे आणले होते. 'बाई स्वतःच्या देशात चालल्या' असं कुणीतरी म्हणालं. मी रागावले नाही.

स.


कसबा पेठ
९ मार्च २०२४

शकू,

पोचले. तब्येत चांगली आहे.

मी आठ दिवस तुझ्या घरी तोंड मिटून का बसले होते, हे तू आप्पासाहेबांना फोनवर विचारलंस. जुना राग अजून धरलाय का, असंही विचारलंस. त्यांनी मला येऊन विचारलं. मार्केट यार्डातून कसब्यात त्यांना दोनदा खेटे घालावे लागले, कारण पहिल्यांदा मी दार उघडलं नाही. तेव्हा हे पत्र त्यांच्या गुडघ्यांसाठी लिहिते.

तुला एवढंच माहीत आहे की मी चुकीच्या फाट्यावर गेले. बाकीचं ऐक.

मी ठरवल्याप्रमाणे मागच्या डब्यात बसले. घोषणा झाली. एकदा नाही, तीनदा झाली. बाईचा आवाज होता, गोड, सपाट, घाईचा. मला त्यातला एक शब्द कळला, कापून वेगळं करणं. हा शब्द मी फांदी छाटण्याच्या वाक्यात शिकवत आले. गाडीच्या बाबतीत तो वापरतात हे मला तिथे बसूनही सुचलं नाही. मला वाटलं, झाडांबद्दल काही सूचना असेल. आजूबाजूचे काही लोक उठून पुढे गेले. शेजारच्या बाईला विचारता आलं असतं, तिच्या मांडीवर झोपलेलं मूल होतं, ती हलणार नव्हती. पण मी ते स्वतःच्या कानांनी कळण्यासाठी बसले होते. विचारलं असतं तर मग बसण्यात काय अर्थ होता?

शेवटच्या स्टेशनात उतरले. दोन फलाट, शेजारी कोबीची शेतं, आणि एक पोरगेला कर्मचारी. मी त्याला म्हटलं, 'क्षमा असावी. मी वाट चुकले आहे. कृपया मार्ग दाखवावा.' वाक्य निर्दोष होतं. मी त्याला लाल शाई लावली नसती. तो हसला आणि म्हणाला, "वेट, प्लीज." मी पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. तो पुन्हा इंग्रजीत. मग त्याने आतून आणखी दोघांना बोलावलं आणि तुमच्या त्या नावाजलेल्या सेवा सुरू झाल्या. एकाने खुर्ची आणली. एकाने यंत्रातून गरम चहाचा डबा काढून हातात दिला. एकाने नकाशावर गोल काढला. सगळे वाकत होते. माझ्या भाषेला त्याच भाषेत उत्तर द्यायचं मात्र एकालाही सुचलं नाही. इतका अपमान इतक्या अदबीने करणारे लोक मी पुण्यातही पाहिलेले नाहीत, आणि पुण्यात मी जन्म काढलाय.

मग त्यांनी फोन केले. एका स्टेशनने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. मला गाडीत बसवलं की पुढच्या स्टेशनात कुणीतरी डब्याच्या दाराशी उभा असायचा. गळ्यात चिठ्ठी बांधायची तेवढी राहिली होती. असं करत तुझ्या स्टेशनात आले.

आता जे लिहिते ते मी तुला सांगणार नव्हते.

फलाटावरून तुझ्या खिडकीशी मला आणून सोडणारा तुमच्या स्टेशनातला मुलगा तुला म्हणाला, 'या आजी वाट चुकल्या होत्या. यांना जपानी अजिबात येत नाही.' शकू, त्या सगळ्या प्रवासात मला पूर्ण कळलेलं पहिलं वाक्य ते. आजी, वाट, चुकणं, येत नाही. सगळे शब्द माझ्या पहिल्या महिन्याच्या धड्यातले. व्याकरणही सोपं.

आणि तू काय म्हणालीस? तुला वाटलं मी चहाच्या डब्याशी खटपट करते आहे. तू म्हणालीस, 'हो, माझ्या आजी आहेत. फार थकल्या असतील.' आणि त्याला वाकलीस.

'या माझ्या शिक्षिका आहेत' असं तू म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर तो मुलगा तुझ्याकडे पाहत राहिला असता, माझ्याकडेही. तू माझी लाज राखलीस हे मला तिथेच कळलं, आणि त्याचाच मला संताप आला. पेपरात मला उघडं पाडलंस ते मी सहन केलं होतं. हे झाकून घेणं मला सहन झालं नाही. म्हणून आठ दिवस बोलले नाही. जपानी तर नाहीच, मराठीही मोजकंच.

तुझं घर लहान आहे आणि आमटीत तू साखर जास्त घालतेस, हेही लिहून ठेवते. पण दुपारी मी तुझ्या खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसायचे ते तुला वाटलं तसं वेळ जात नाही म्हणून नव्हतं. मी ऐकत होते. पहिले दोन दिवस नुसता कालवा. तिसऱ्या दिवसापासून शब्द सुटे व्हायला लागले. तू तरुण माणसांशी भरभर बोलतेस, अर्धी वाक्यं गिळून, मी शिकवलेले अर्धे शब्द टाकून देऊन. म्हातारं माणूस आलं की आवाज खाली आणतेस आणि वाक्य लहान करतेस. एक म्हातारा रोज येऊन तीच गाडी विचारायचा आणि तू रोज पहिल्यांदा सांगत असल्यासारखी सांगायचीस. यातलं काहीही मी तुला शिकवलेलं नाही. मी तीस-पस्तीस वर्षं एका गोष्टीचा धडा घेत होते आणि तू ती गोष्ट करत होतीस.

आप्पासाहेबांना मी सांगितलं, पोरीला लोक मान देतात. ते खरं आहे. त्यांनी विचारलं, "तुमाला तिथलं समदं कळलं आसंल न्हवं, बाई?" मी म्हटलं, हो. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि परत कांदे ठेवून गेले.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. निदान गोड उत्तर पाठवू नकोस.

सरोजिनी


कसबा पेठ
२४ मार्च २०२४

शकू,

तू उत्तर पाठवलं नाहीस. सांगितलेलं ऐकण्याची सवय तुला फार उशिरा लागली.

आज वर्गात स्टेशनचा धडा होता. पुढे ढकलत होते, पण मुलं मागे लागली. 'बाई आता स्वतः बघून आल्या, आता खरा धडा होईल.' बाक भिंतीला लागले. रूळ काढले. कमरजहां प्रवासी झाली, तिचंच जाणं सगळ्यांत जवळ आलंय म्हणून. घोषणा दिली ती मी शिकवते तशी, प्रत्येक शब्द स्वच्छ, दोन शब्दांत श्वास, विनंती अदबीची. कमरजहांने बरोबर गाडी धरली, बरोबर उतरली, तिकीट टोचून घेतलं, आणि दारातल्या मुलाला क्षमा मागून वाट विचारली. ते वाक्य तुला माहीत आहे. मीही तेच वाक्य कोबीच्या शेताशेजारी उभं राहून बोलले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती माझ्याकडे आली. घामाघूम झाली होती, पण खूश होती. म्हणाली, "बाई, जमलं. अब्बा सारखं विचारतात, एकटी कशी जाशील, चुकशील. मी त्यांना सांगितलं, आमच्या बाई शिकवतात तसंच तिथे बोलतात, मी नाही चुकणार. बरोबर ना, बाई?"

हो म्हणणं किती सोपं होतं ते मला आप्पासाहेबांमुळे माहीत होतं. मी हो म्हटलं असतं तर वर्ग पुढची दहा वर्षं चालला असता. ज्यांना कळायचं त्यांना तिथे जाऊन कळलं असतं, आणि त्यांतलं कुणी मला येऊन सांगितलं नसतं. तू सांगितलंस ते पेपरात छापलंस, म्हणून मी ऐकलं नाही. तोंडावर येऊन सांगितलं असतंस तरी ऐकलं नसतं, तेव्हा तो मुद्दा सोड.

मी म्हटलं, "नाही."

तिला वाटलं मी चेष्टा करते. माझी ती ख्याती आहेच. मग मी सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. घोषणा झाली, मला कळली नाही. मी बोलले, मला इंग्रजीत उत्तर मिळालं. मला आजी समजून एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात पोचवलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला ओरडता आलं असतं. मागच्या बाकावरचा एकजण वही मिटून उठून गेला. पुढच्या महिन्यात तो येणार नाही.

कमरजहां गेली नाही. खडूच्या रुळांवरून माझ्या जवळ सरकली. मग म्हणाली, "मग आता मी काय करू, बाई? विमान तर ठरलंय."

तिला मी उत्तर दिलं ते तुला न विचारता दिलं. म्हटलं, माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला येतं. ती शिकवेल.

तेव्हा मला मान वर करून नीट मागू दे, कारण हे उपकार आहेत आणि मी उपकार मागितलेले नाहीत कधी. कमरजहां जूनमध्ये येईल. तिच्या संस्थेकडे जाणारी गाडीही म्हणे मध्येच अशीच तुटते. ती बावीस वर्षांची आहे, डोक्याला रुमाल बांधते. ती चुकली तर 'माझ्या आजी आहेत' असं म्हणून तिला झाकून घ्यायला कुणी येणार नाही. तिचं तिलाच कळलं पाहिजे. रविवारी तुला सुट्टी असते हे मी पाहिलंय. रविवारी सकाळी, आमच्या वेळेने, तू मोबाइलवर वर्ग घे. करीम त्याच्या मोबाइलला फळ्यासमोर टेकू लावून देणार आहे, मला त्यातलं काही कळत नाही आणि शिकायची इच्छाही नाही.

तुझी शिकवण्याची पद्धत वाईट असणार, कारण तू पाठांतर कधी नीट केलं नाहीस. ते मी नंतर वेगळ्या पत्रात लिहीन. वर्गात मी मध्ये बोलणार नाही. फक्त एक अट आहे. फलाटावर बोलतेस तशीच बोल, त्याच वेगाने, तेच शब्द गिळून. आम्हाला म्हातारं समजून आवाज खाली आणू नकोस. मी बाकावर बसेन, कमरजहांच्या शेजारी, आणि मला कळलं नाही तर हात वर करीन.

सरोजिनी